ज्याला कधी भेटलो नाही, त्याच्या जाण्यानं एवढं का लागतं?

अंबाजोगाईची लेक

सगळ्यांना नमस्कार. एक विचारायचं आहे, कुणाला वेडेपणा वाटला तरी चालेल.

आपण ज्या माणसाला आयुष्यात कधी भेटलो नाही, ज्याला आपण या जगात आहोत हेच माहीत नाही, असा एखादा नट, एखादी नटी, एखादा पुढारी गेला की एवढं का लागतं? मला तर जेवण जात नाही. प्रिया मराठे ३१ ऑगस्ट २०२५ ला गेली, ३८ वर्षांची होती, कॅन्सर. त्याच्या आदल्या वर्षी १४ ऑक्टोबरला अतुल परचुरे गेले, तेही कॅन्सरनंच, अन् ते तर आजारातून उठून परत कामाला लागले होते म्हणून जास्तच लागलं.

माझी आई पण याच आजारात गेली. ती दिवसभर पलंगावर असायची अन् संध्याकाळी सातला टीव्ही लावायला सांगायची. केमो घेऊन आलेल्या दिवशी सुद्धा, उलट्या चालू असायच्या, बाजूला तसराळं ठेवलेलं असायचं तरी म्हणायची आवाज कमी कर पण बंद करू नको. सुरुवातीला भेटायला सगळे आले, नंतर नंतर कुणी येईना, लोकांना पण त्यांची कामं असतात, मी दोष देत नाही. पण मालिकेतली माणसं रोज येत होती ना. आमच्या कित्येक सोयऱ्यांपेक्षा तीच आईजवळ जास्त बसली. मग त्यातलं कुणी गेलं तर मी रडणार नाही का?

तर प्रिया गेली तेव्हा मी स्टेटस ठेवलं अन् माझा चुलतभाऊ म्हणाला, ताई, गल्लीतले काका वारले तेव्हा तू काही ठेवलं नव्हतंस, ही तुझी कोण लागते? मला काही बोलताच आलं नाही.

दुसरं असं की आता मरणाची बातमी म्हणली की भीती वाटते. ११ नोव्हेंबर २०२५ ला धर्मेंद्र गेले म्हणून सगळीकडं बातमी आली, आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळीच फुलं वाहून झाली, अन् मग हेमामालिनी अन् ईशा देओल स्वतःच म्हणाल्या की ते आहेत, उपचार चालू आहेत. बायकोला अन् लेकीला असं सांगावं लागतं, विचार करा. विक्रम गोखलेंच्या वेळी २०२२ ला पण हेच झालं होतं, घरच्यांना नाही म्हणून सांगावं लागलं अन् मग २६ नोव्हेंबरला ते खरंच गेले. धर्मेंद्र गेले २४ नोव्हेंबरला. त्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी काढलं की ते २००४ ते २००९ बिकानेरचे खासदार होते, कोणत्या पक्षाचे होते, अन् त्यावरून माझ्या दोन मामांचं असं जुंपलं की एकानं ग्रुपच सोडला. बाबांनी तरुणपणी त्यांचे सिनेमे केजला जाऊन पाहिलेले, ते बिचारे नुसते मोबाईल हातात धरून बसले होते. माणूस गेला त्या दिवशी पण पक्षच काढायचा का?

तुमच्याकडं काय होतं ते मनापासून सांगा.

लातूर औसा रोड

ताई, रडलात तर काही गुन्हा नाही केला.

आमच्या जिल्ह्यानं हे १४ ऑगस्ट २०१२ ला सगळ्यांनी मिळून अनुभवलंय. विलासराव साहेब चेन्नईच्या दवाखान्यात गेले, लिव्हर अन् किडनी दोन्ही निकामी झालते, अन् दुसऱ्या दिवशी बाभळगावला अंत्यविधी, म्हणजे बरोबर १५ ऑगस्ट. पोरं झेंडावंदन करून शाळेच्या ड्रेसवरच बाभळगावच्या रस्त्याला लागली होती, वाटलेली बिस्किटं खिशात तशीच. माझे वडील साहेबांचे विरोधक, नुसते मनातून नाही, चौकात बसून जाहीर बोलायचे. १९९५ ला साहेब लातुरात पडले तेव्हा वडलांनी पेढे वाटलेले. तेच वडील त्या दिवशी टोपी काढून हातात घेऊन रस्त्याच्या कडंला उभे होते. मी म्हणलं आण्णा, तुम्ही पण? तर म्हणले, "आता भांडायचं कुणाशी?" अन् पुढं बोलताच येईना त्यांना.

आता पक्षाचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे, माणूस गेला म्हणून त्याचं सगळं बरोबर होतं असं पण म्हणू नये. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर ताज हॉटेल बघायला जाताना साहेबांनी रितेशला अन् राम गोपाल वर्माला सोबत नेलं ते चुकलंच, लोकं चिडली, डिसेंबर २००८ मधे खुर्ची गेली. हे मी आजपण म्हणतो अन् साहेबांची आठवण आली की आजपण गलबलून येतं, दोन्ही खरं आहे. बाभळगावचा सरपंच दोनदा मुख्यमंत्री झाला, आमच्यातला एक माणूस तिथं बसलाय हे आम्हाला किती मोठं वाटायचं ते मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगून कळायचं नाही.

अजून एक सांगतो. रितेश पहिल्यांदा मराठी सिनेमात हिरो म्हणून आला ते २०१४ च्या जुलैत. साहेबांना जाऊन दोन वर्षं होत आलती. टॉकीजमधे त्याची एंट्री झाली, शिट्ट्या, आरडाओरडा, रुमाल उडवायलेत पोरं, अन् माझ्या मागच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं म्हणला, "साहेब पायजे होते रे हे बघायला." आजूबाजूच्या दोन-तीन रांगा एकदम गप झाल्या. त्या सिनेमाचे दिग्दर्शक निशिकांत कामत पण १७ ऑगस्ट २०२० ला गेले, पन्नाशीतच. तेव्हा मला पहिल्यांदा तो म्हाताराच आठवला, का ते सांगता येणार नाही.

परळीकर

लातूरच्या भाऊंनी लिवलं ते वाचून डोळ्यात पाणी आलं. आमचं दुःख ३ जून २०१४.

मुंडे साहेबांनी २६ मेला दिल्लीत शपथ घेतली, ग्रामविकास खातं मिळालं, अन् त्या दिवशी सकाळी ते इकडंच यायला निघालते, बीड जिल्ह्यात सत्कार होता. कमानी लागल्या होत्या, हलगीवाले सांगून ठेवलेले, आमी पोरं रात्रभर जागून पताका लावत होतो. अन् सकाळी टीव्हीवर पट्टी. कुणाला खरंच वाटंना. एअरपोर्टला जाताना गाडीला धडक बसली अन् माणूस गेला, बाहेरून म्हणावी अशी जखम नाही. इथंच लोकांचं डोकं फिरलं बगा. एवढा मोठा माणूस एवढ्याशा धडकंनं कसा जाईल? परळीत दुसऱ्या दिवशी अंत्यविधीला लोकांचा नुसता समुद्र अन् त्यात राग, चौकशी करा चौकशी करा. सीबीआयनं चौकशी केली, अपघातच होता असं निघालं, तरी आमच्याकडं आजपण पारावर हा विषय निघाला की कुणीतरी मान हलवतंच.

मला काय वाटतं सांगू का, दुःख एवढं मोठं असलं की त्याला कारण पण तेवढंच मोठं लागतं माणसाला. साधं कारण पचत नाही. साहेब मागच्या सीटवर होते अन् बेल्ट नव्हता, त्या वेळच्या आरोग्यमंत्र्यांनी पण तेच सांगितलं होतं की बेल्ट असता तर वाचले असते. पण हे ऐकायची तेव्हा कुणाची तयारीच नव्हती. मी गाडी चालवतो, माझा धंदाच तो हाय, परळी-संभाजीनगर, परळी-पुणे. तेव्हापासून माझ्या गाडीत मागं बसलेल्यानं बेल्ट लावल्याशिवाय मी गिअर टाकत नाही. पॅसेंजर कुरकुर करतेत, म्हणतेत मागं कशाला लागतो. नियमात हाय, १००० रुपये दंड हाय, पण मी दंड नाही सांगत, मी साहेबांचं नाव सांगतो अन् मग गुपचूप लावतेत. सायरस मिस्त्री गेले ४ सप्टेंबर २०२२ ला, ते पण मागच्याच सीटवर, बेल्ट नव्हता. त्याच्याआधी तीनच आठवडे, १४ ऑगस्टला, आमच्याच जिल्ह्यातले विनायक मेटे एक्सप्रेस वेला गेले, आरक्षणाच्या मीटिंगला निघालते मुंबईला. रात्रीचा प्रवास, पहाटंची वेळ. आमच्या भागातून मुंबईला जायचं म्हणलं की पुढाऱ्याला असो का आजारी माणसाला असो, रात्रभर गाडीतच बसावं लागतं, हे कुणी लक्षातच घेत नाही.

अन् बॅनरचं बोलतो, राग आला तर येऊ द्या कुणाला. पुण्यतिथीला गावागावात बॅनर लागतेत, त्यावर साहेबांचा फोटो कोपऱ्यात अन् ज्याला झेडपीचं तिकीट पायजे त्याचा फोटो मधोमध, गॉगल लावून. हे सगळ्याच पक्षात चालतं. मला ते बगवत नाही. गेलेल्या माणसाच्या जिवावर मतं मागायची असतील तर निदान त्याचा फोटो तरी मोठा छापा रे.

येडशीचा शेतकरी

पोरी, तुझ्या आईचं वाचून वाईट वाटलं. तुला कुणी काही म्हणलं तरी मनावर घेऊ नको. पण मला एक बोलायचंय अन् ते तुझ्यावर नाही, टीव्हीवाल्यांवर आहे.

सुशांत सिंह राजपूत १४ जून २०२० ला गेला. चांगलं पोरगं होतं, त्याच्या बापाकडं बघून पोटात तुटायचं. पण पुढं जे महिनोन्महिने चाललं ते दुःख होतं का? बिहारची निवडणूक होती तर त्याच्या फोटोचे स्टिकर छापले. एका पोरीला महिनाभर जेलमधे टाकलं, टीव्हीवर तिला काय काय म्हणले. अन् मार्च २०२५ ला सीबीआयनं रिपोर्ट दिला की कुणी मारलं नाही. तो रिपोर्ट कुणी तेवढा वेळ दाखवला का? मी तरी नाही पाहिला.

तो गेला त्याच साली, २०२० च्या ऑक्टोबरमधे, आमच्याकडं पाऊस असा पडला की काढून ठेवलेलं सोयाबीन गंजीसकट वाहून गेलं, उभ्या पिकाला कोंब फुटले, काही ठिकाणी तर वरची मातीच गेली खडकापर्यंत. मुंबईचे नेते आले दोन दिवस, बांधावर उभे राहून गेले. टीव्ही लावला की मात्र तेच नटाचं. आमच्या शेजारच्या गावात एका घरचा कर्ता माणूस त्या हिवाळ्यात गेला, कर्जापायी. पेपरला आतल्या पानावर चार ओळी, त्यात पण नावातली वेलांटी चुकलेली. त्याच्या पोराला शाळेत फॉर्म भरताना ते कात्रण लागायचं अन् दरवेळी मास्तर विचारायचे नाव असं का. हे मी डोळ्यानं बघितलंय.

सगळीच सिनेमावाली माणसं वाईट असं मी म्हणत नाही. नाना पाटेकर अन् मकरंद अनासपुरे २०१५ च्या दुष्काळात बीड-लातूरकडं आले, अशा घरातल्या बायांना स्वतः भेटले, मदत दिली, नाम संस्था काढली. नानांनी एका माउलीपुढं हात जोडलेला फोटो आमच्या हिनं कापून ठेवलाय. म्हणजे कलाकाराला आमचं मरण दिसतं, मग बातमीवाल्याला का दिसू नये?

माझा सवाल एवढाच की कुणाचं मरण किती मोठं हे ठरवतंय कोण.

अंबाजोगाईची लेक

काका, तुमचं एकेक अक्षर पटलं. ते वेलांटीचं वाचून तर कसंतरीच झालं.

पण काका मला असं पण वाटतं की नटासाठी रडणारा अन् शेजाऱ्यासाठी रडणारा माणूस वेगळा नसतो बहुतेक. माझ्या आईला मालिकेतल्या बाईचं दुःख बघून रडू यायचं अन् शेजारच्या काकूंच्या पोराला ताप आला तरी रात्री उठून जायची. जो टीव्ही बघून रडत नाही तो शेतकऱ्यासाठी रडतोच असं मी काही पाहिलं नाही. टीव्हीवाल्यांचं मात्र तुमचं बरोबर आहे, त्यांना माफी नाही.

गोदाकाठ नांदेड

काकांच्या प्रश्नाला धरूनच लिहितो.

२००४ साल. १५ मेला वामनदादा कर्डक गेले अन् २३ जूनला प्रल्हाद शिंदे. सव्वा महिन्यात दोन्ही. आमच्या वस्तीत त्या उन्हाळ्यात कुणाच्या घरी लग्नात बँड मोठ्यानं वाजला नाही. माझी आजी, अक्षरओळख नाही, पण वामनदादांची गाणी सगळी तोंडपाठ, जात्यावर म्हणायची, विहिरीवर म्हणायची, बाबासाहेब काय म्हणले ते तिला पुस्तकातून नाही, वामनदादांकडून कळलं. ती तीन दिवस चुलीपुढं बसून नुसती गुणगुणत होती. अन् प्रल्हाद शिंदेंचा आवाज तर आषाढीला पंढरीच्या वाटंवर पण अन् चौदा एप्रिलला आमच्या चौकात पण, तोच एक आवाज. दोन्हीकडं चालणारी माणसं फार नसतात महाराष्ट्रात.

टीव्हीवर किती आलं? दुसऱ्या दिवशी विषय संपला. अन् लोकशाहीर विठ्ठल उमप, २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच गेले, स्टेजवर. माझे वडील म्हणतात शाहिराला असं मरण मिळालं, याच्यापुढं काय पायजे. मला नाही पटत तसं, मला वाटतं अजून दहा वर्षं गायला पाहिजे होते. तमाशाच्या विठाबाईंना तर म्हातारपणी दवाखान्याच्या पैशासाठी लोकांकडं बघावं लागलं, अन् राष्ट्रपतींच्या हातनं पदक घेतलेली बाई ती. जिवंतपणी विचारायचं नाही अन् गेल्यावर पुरस्काराला नाव द्यायचं, हे आपल्याकडं बदललं पाहिजे. वृद्ध कलावंतांचं मानधन असतं सरकारचं, ते वेळेवर मिळतं का हे आपापल्या तालुक्यात जाऊन एकदा बघा, तुमच्या गावात कुणी जुना गोंधळी, वाघ्या-मुरळी, शाहीर असंल तर त्याचा फॉर्म भरून द्या. स्टेटसपेक्षा ते मोठं.

महानोर गेले ३ ऑगस्ट २०२३ ला तेव्हा मात्र बरं वाटलं होतं जरा, म्हणजे बरं असं नाही, पण गावागावातून लोकं कविता टाकत होती. पळसखेड्याचा शेतकरी माणूस, विधान परिषदेत गेला तर तिथं पण पाणी अन् फळबागाच बोलला. राजकारणात गेलेला कलाकार असा पण असतो, म्हणून आमदार होते खासदार होते एवढ्यावरून माणसाला मोजू नये.

उदगीर ते बंगळूर

मी मूळचा उदगीरचा, आता नोकरीला बंगळूरला. आमच्याकडं तसंही निम्मी सोयरीक बिदरला, त्यामुळं कन्नड सिनेमा घरात होताच.

२९ ऑक्टोबर २०२१ ला पुनीत राजकुमार गेला. ४६ वर्षं. सकाळी जिम केली, छातीत दुखलं, दुपारपर्यंत खेळ संपला. माझ्या ऑफिसमधल्या वॉचमननं दुपारीच गेट लावलं अन् तिथंच पायरीवर बसून रडला, त्याला कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना भीती होती कारण २००६ च्या एप्रिलमधे त्याचे वडील डॉ. राजकुमार गेले तेव्हा इथं दंगल झाली होती, गाड्या जाळल्या, गोळीबार झाला, माणसं मेली. दुःखात माणूस काय करंल नेम नसतो. पण पुनीतच्या वेळी तसं होऊ दिलं नाही, कंठीरव स्टेडियमला रांगा लावून लाखो लोकांनी दर्शन घेतलं अन् घरी गेले.

अन् मुख्य गोष्ट ही की त्याचे डोळे दान केले. वडलांनी पण केले होते. पुनीतच्या दोन डोळ्यातून चार जणांना दिसायला लागलं, पडद्याचे थर वेगळे करून बसवतात म्हणे आता. त्याच्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाच्या फॉर्मसाठी एवढी गर्दी झाली की दवाखाने थकले. माझ्या वॉचमननं भरला, मी पण भरला. ताईंच्या भावानं विचारलं ना ती कोण लागते, तर मला पुनीत काहीच लागत नव्हता, पण त्याच्यामुळं मी ते केलं जे माझ्या सख्ख्या मामानं सांगून केलं नव्हतं.

अंबाजोगाईची लेक

दादा, हे फार चांगलं सांगितलंत. आईच्या वेळी आम्हाला कुणी विचारलंच नाही अन् आमच्या पण डोक्यात आलं नाही. कॅन्सरच्या माणसाचे डोळे चालतात का? अन् इकडं खेड्यात कसं करायचं असतं, फॉर्म आधी भरावाच लागतो का?

सिस्टर परभणी

मी नर्स आहे, नेत्रविभागात काम केलंय म्हणून सांगते. ब्लड कॅन्सर असंल तर चालत नाही, बाकी कॅन्सरमधे बऱ्याचदा डोळ्याचा पडदा घेता येतो, डॉक्टर बघून ठरवतात. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज, अंगभर जंतुसंसर्ग यात घेत नाहीत. फॉर्म आधी भरलेला असला तर चांगलंच पण तो नसला तरी चालतं, खरी गरज घरच्यांच्या होकाराची असते, कारण तेव्हा फोन करणारे तेच. म्हणून फॉर्म भरून कपाटात ठेवू नका, घरात बोलून ठेवा.

माणूस गेल्यावर सहा तासाच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. टीम घरी येते, पंधरा-वीस मिनिटाचं काम, चेहरा विद्रूप होत नाही, ही भीती लोकांना फार असते. आपल्या भागात अडचण अंतराची. तांड्यावर, वाडीवर टीम पोचेपर्यंत वेळ जातो, म्हणून जवळच्या मेडिकल कॉलेजच्या नाहीतर जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागाचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा, रडारडीत कुणाला नंबर सापडत नाही. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो, तेव्हा गावात कॅम्प मागवला तर आम्ही येतो.

येडशीचा शेतकरी

सिस्टर, मला शुगर आहे अन् एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्मा पण आहे. माझे चालतील का? वय ६८.

सिस्टर परभणी

चालतात काका. तिन्ही गोष्टी असल्या तरी चालतात, वयाची पण अट नाही. काकूंना अन् मुलांना सांगून ठेवा मात्र, त्यांनीच ऐनवेळी नाही म्हणलं तर आम्हाला परत जावं लागतं.